बिनखान्याचा र

गेल्या पावसाळ्यात एका पुस्तकाची शब्दसूची माझ्याकडे तपासायला आली. लग्नगीतांवरचं पुस्तक, पावणेतीनशे पानांचं. सूची संगणकानं अकारविल्हे लावून दिलेली. अशा सूच्या मी वीसेक वर्षं तपासते आहे, त्यामुळे डोळा सवयीनं खाली घसरत जातो आणि चूक आली की आपोआप अडतो. 'व'च्या रकान्यात तो अडला. तिथे वऱ्हाड दोनदा आलं होतं, एकाखाली एक, फोटोला उभ्या केलेल्या जुळ्या बहिणींसारखं. पहिल्यापुढे पानं १२, ४७, १३३. दुसऱ्यापुढे ३१ आणि ८८.

आधी वाटलं, एक अमरावती-अकोल्याकडचं वऱ्हाड असेल आणि एक लग्नाचं. पानं काढून पाहिली, तर पाचही ठिकाणी लग्नाचंच. मग भिंग घेतलं. अक्षर न् अक्षर सारखं. कागदावर केसाचा फरक नव्हता आणि संगणक मात्र ठाम होता, की बाई, हे दोन निराळे शब्द आहेत.

इंटरनेटवर काही साधीशी पानं असतात. त्यांत कुठलाही शब्द चिकटवला की तो कोणकोणत्या चिन्हांचा बनला आहे, ते ती क्रमांकासकट सुटं करून दाखवतात. दोन्ही वऱ्हाडं तिथे नेऊन टाकली. एक सात तुकड्यांचं निघालं, दुसरं सहा. सहावाल्यात व, खाली टिंब दिलेला ऱ, पाय मोडायची खूण, ह, काना, ड. सातवाल्यात व, साधा र, पाय मोडायची खूण, मग डोळ्यांना अजिबात न दिसणारं एक काहीतरी, आणि मग ह, काना, ड.

रात्रीचे साडेदहा झाले होते. हे न दिसणारं काय आहे तेवढं बघू आणि झोपू, असं ठरवून बसले. उठले तेव्हा दूधवाला आला होता. आणि ती रात्र पहिलीच. पुढे पंधरा दिवस मी या एका अर्ध्या अक्षराच्या मागे कुठल्या कुठल्या दारांत जाऊन आले, त्याची ही हकीकत.

पहिला शोध असा, की या अक्षराला मराठीत धड नावच नाही. 'अर्क'मध्ये डोक्यावर बसतो तो रफार. 'चक्र'मध्ये पोटात शिरतो तो रकार. पण पायऱ्या, कुऱ्हाड, गुऱ्हाळ यांत जो पुढच्या अक्षराला आडवा टेकून उभा असतो, त्याला काय म्हणायचं? शाळेत आमच्या बाई 'अर्धा र' म्हणायच्या. पुढे डीटीपीच्या खोलीत आम्ही मुली त्याला 'मिशी' म्हणायचो. जगभरच्या लिप्यांना क्रमांक वाटणाऱ्या युनिकोडच्या कागदपत्रांत त्याला 'पापणीचा र' म्हटलंय. पापणी! मिशीपेक्षा कितीतरी बरं, आणि कुणा अमराठी माणसानं नीट बघून ठेवलेलं.

ही पापणी नुसत्या शोभेची नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. मोठ्यानं म्हणून बघा. 'दर्या' म्हणताना द वर आघात येतो, जीभ क्षणभर र पाशी थबकते. 'दऱ्या' म्हणताना ती र ला नुसती चाटून पुढे जाते. वृत्तात मोजायला बसलात तर पहिला द गुरू आणि दुसरा लघू. ढोबळ नियम असा, की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द रफार घेतात (सूर्य, कार्य, धैर्य) आणि मराठीच्या घरात 'री' किंवा 'रा'चं रूप बदलताना जो र उरतो, तो पापणी घेतो. पायरीच्या पायऱ्या, सुरीच्या सुऱ्या, नवऱ्याला, दुसऱ्याचा. ह्र ची उलटापालट करूनही आपण याच अक्षराशी येतो: ऱ्हास, ऱ्हस्व.

हा नियम मी एका फजितीतून शिकले. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम आलं होतं. निवृत्त शिक्षकांच्या फोटोंच्या पानाला मथळा होता, 'आमच्या आचार्यांना वंदन'. मी घाईत मिशी लावली. छापून, शिवून, वाटून झालं. तिसऱ्या दिवशी एका वयोवृद्ध सरांचा फोन आला. आवाज अगदी शांत. म्हणाले, "बाई, आम्ही गणित शिकवत होतो. भात रांधत नव्हतो." आचार्य आणि आचारी यांच्यात एवढ्याशा आडव्या रेघेचं अंतर आहे, हे त्यानंतर मी कधी विसरले नाही.

माझे वडील जुळारी. म्हणजे खिळे जुळवणारे, कंपोझिटर. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा खिळ्यांच्या पेटीपुढच्या, म्हणजे केसपुढच्या, स्टुलावर बसून त्यांचे हात बघायचे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खान्यांवरून फिरतोय. नजर हस्तलिखितावर, खान्यांकडे नाहीच. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती बोटाला लागली की खिळा सुलटा धरलाय की उलटा ते न बघता कळतं. ओळ तयार होते ती डोक्यावर उभी, आरशातली. आप्पा ती सरळ वाचल्यासारखी वाचायचे. मला आजही गंमत वाटते की माझे वडील छापील पुस्तक वाचताना अडखळायचे, कारण ते सुलटं असायचं. निदान ते स्वतः तसं सांगायचे.

देवनागरीच्या केसला शेकडो खाने. अख्खा क, अर्धा क, क्ष, त्र, उकार, रफार, अनुस्वारासकटचा रफार, सगळ्यांची घरं ठरलेली. मिशीलाही तिचा स्वतःचा खाना होता. शिशाच्या जगात हिशेब साधा: जितके आकार तितके खिळे, जितके खिळे तितके खाने. छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपल्या घरी जायचा.

हा हिशेब चारशे वर्षांपूर्वी एका माणसाला केवढा छळून गेला, ते मला त्या पंधरवड्यात कळलं. अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरचं १९५८ सालचं इंग्रजी पुस्तक आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आहे. मी रात्री एकच्या सुमारास त्यात शिरले. गोव्याला छापखाना आला १५५६ मध्ये. म्हणजे आपल्याकडे मुद्रण तसं लवकरच आलं, फक्त आपल्या लिपीत आलं नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट पाद्री, जन्मानं इंग्रज, साष्टीत राहून मराठी-कोंकणी शिकलेला. त्यानं १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, की इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच अक्षरांत छापावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. अडचण कसली, तर साच्यांची. युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे सहाशेच्या घरात साचे लागतील.

सहाशे! आप्पांना हा आकडा सांगितला तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "बरोबर मोजलेत."

स्टीफन्सला ते साचे मिळाले नाहीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचं त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत. मराठी भाषेच्या गोडव्याची एवढी वाखाणणी करणारा ग्रंथ, आणि त्यात मराठीचं एक अक्षर नाही. शांताराम बंडेलूंनी तो देवनागरीत छापला त्याला १९५६ साल उजाडलं. तीनशे चाळीस वर्षं. कारण एवढंच, की खाने फार होते.

पुढची गोष्ट भराभर सांगते, कारण ती बऱ्यापैकी माहितीची आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते देवनागरी खिळ्यांनी, आणि १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी खिळ्यांची भानगड आधी टाळलीच. दगडावर लिहायचं आणि दगडावरून छापायचं, अशी शिळाछापाची वाट धरून त्यांनी १८३१ मध्ये पंचांग काढलं. हातानं लिहिलेलं असल्यामुळे त्यात सहाशे काय, सहा हजार आकार असते तरी चाललं असतं. आणि मग जावजी दादाजी. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला हा मुलगा १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढतो आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू पोलादावर अक्षरं कोरायचे. निर्णयसागरचं एखादं जुनं पान पडद्यावर मोठं करून बघा, चारपट, आठपट. आठपटीलाही अक्षराची कड मऊ राहते. मी एका स्तोत्राच्या पोथीतला नुसता 'ळ' अर्धा तास बघत बसले होते. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही ठीक आहात ना?"

शिशाचं जग उदार होतं, पण हळू होतं. मग वेगाची यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्रानं आपल्या लिपीला पहिला प्रश्न तोच विचारला: तुम्ही किती जण? लायनोटाइपच्या कळफलकावर नव्वद कळा. न्यूयॉर्कमध्ये हरि गोविल यांनी १९३० च्या दशकात देवनागरी त्या नव्वदांत बसवून दाखवली, जोडाक्षरं फोडून, अर्धी अक्षरं वेगळी करून. टंकलेखन यंत्रांनी आणखी आकसायला लावलं. मग लिपीच बदलावी असा आग्रह सुरू झाला. सावरकरांनी इ, उ, ए ही चिन्हं काढून अि, अु, अे अशी अ ची बाराखडी सुचवली. ती काहींनी वर्षानुवर्षं निष्ठेनं चालवलीही. १९५३ मध्ये लखनौला लिपीसुधारणेची परिषद भरली आणि तिथे ठरलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न देता नंतर द्यायची, फक्त तिचा पाय आखूड करायचा. यंत्राला पाठीमागे जायला नको म्हणून. काही वर्षांतच हा ठराव मागे घ्यावा लागला. कुणाच्या हातालाच तो पटला नाही. त्या काळची एखादी नमुन्याची ओळ वाचताना असं वाटतं, की कुणीतरी आपल्या घरात शिरून सगळ्या खुर्च्या उलट्या बाजूला लावून ठेवल्या आहेत.

या सगळ्या काळात एक माणूस मात्र मजेत होता: हातानं अक्षरं काढणारा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत काढलेली नावं आठवा. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमच्या कुंचल्याला कळा किती.

आता माझा काळ. मी डीटीपीत आले तेव्हा पुण्यातले छापखाने खिळे भंगारात काढत होते. शिशाला किलोवर भाव. आमच्या खोलीत चार संगणक आणि एक पंखा, तो संगणकांसाठी. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे एक सफाईदार फसवणूक होती. संगणकाला मराठी येतच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आम्ही मराठी आकार बसवायचो. संगणकाला वाटायचं तो इंग्रजी 'के' दाखवतोय, आणि पडद्यावर उमटायचा अर्धा ग. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही, तिथे फाइल उघडली की सगळं पान डॉलर, पाउंड आणि प्रश्नचिन्हांच्या रांगोळीनं भरायचं. पण एक आहे. त्या फसवणुकीतही मिशीला स्वतःचा क्रमांक होता. खाना होता. शिशाची सवय आम्ही नकळत पुढे चालवली होती.

खरी पडझड झाली ती हा सगळा मजकूर फॉन्टांमधून सोडवून युनिकोडमध्ये आणताना. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मी सहज 'करणाऱ्या' हा शब्द शोधायला घेतला. मराठी गद्यात याच्यावाचून पान हलत नाही. आणि माझ्यापुढे एकाच शब्दाची पाच सोंगं उभी राहिली. एक नीट 'करणाऱ्या'. दुसरा दिसायला तोच पण आत अदृश्य चिन्ह असलेला. तिसरा 'करणार्या', म्हणजे मिशी डोक्यावर चढलेली. चौथा 'करणाऱया': फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅम र चा पाय मोडायलाच विसरलेला, त्यामुळे तो बिचारा दोन पायांवर धडधाकट उभा. आणि पाचवा माझा सगळ्यांत आवडता: 'करणा-या'.

हा पाचवा तुम्हीही पाहिला असेल. बातम्यांत, सरकारी पत्रकांत, लग्नाच्या पत्रिकांत. पाय-या. दुस-या. बिचा-या. ज्याला कळफलकावर मिशी सापडली नाही, त्यानं दोन अक्षरांत एक संयोगचिन्ह टाकलं आणि डोळा किंचित मिचकावून पुढे गेला. वाचणाऱ्यानंही डोळा मिचकावून 'पायऱ्या' असंच वाचलं. व्याकरणाच्या दृष्टीनं हे निखालस चूक आहे आणि मी प्रूफात ते दर वेळी लाल करते. तरी त्या शोधणाऱ्या हाताचं मला कौतुक वाटतं. आडवी रेघ हवी होती ना? ही घ्या आडवी रेघ. आकार पाहून आकार लावणं, हे अगदी जुळाऱ्याचं डोकं.

पण मग मिशी कळफलकावर सापडत का नाही? इथे गोष्ट कानपूरला जाते. १९८० च्या दशकात तिथल्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्या संगणकावर आणायच्या खटपटीत होते. जिस्ट हे त्या तंत्राचं नाव, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे वाढलं. त्याच सुमाराला इस्की ही भारतीय लिप्यांची सांकेतिक पद्धत आली; १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामागची कल्पना मला आजही देखणी वाटते. ब्राह्मीच्या सगळ्या लेकी एका पंगतीला बसवायच्या. देवनागरीच्या क ला जो क्रमांक, तोच बंगालीच्या क ला, तोच तमिळच्या क ला. लिपी बदला, क्रमांक तेच. आणि महत्त्वाचं म्हणजे आकार साठवायचेच नाहीत. अक्षर साठवायचं. र साठवा, त्याचा पाय मोडा, पुढे क साठवा. रफार कसा काढायचा ते फॉन्ट बघून घेईल. सहाशे खान्यांचा प्रश्न एका फटक्यात सुटला. स्टीफन्सनं ऐकलं असतं तर आनंदानं मेणबत्ती लावली असती.

फक्त मिशीचं काय? र चा पाय मोडला की रफार होतो, हे ठरून गेलं. मग पाय मोडूनही रफार न होणारा र कुठून आणायचा? तर एकत्र पंगतीमुळे त्या तक्त्यात काही पाहुणे होते. तमिळ-मल्याळममध्ये एक वेगळा, घट्ट र आहे. तो देवनागरीत दाखवायचा झाला तर र च्या खाली टिंब: ऱ. हिंदीला किंवा मराठीला एरवी त्याचं काही काम नव्हतं. म्हणून असं ठरलं, की या दाक्षिणात्य ऱ चा पाय मोडला तर त्याची पापणी होईल. १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच उचलली आणि ही तडजोडही बरोबर आली. आजही युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाच्या ऱ पुढे बारीक टीप आहे: द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी, अर्धा केल्यावर पापणी.

मी हे दोनदा वाचलं. म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, पर्वतीच्या पायऱ्या आणि माझ्या सुऱ्याकुऱ्हाडी या सगळ्या तमिळकडून उसन्या आणलेल्या अक्षरावर चालल्या आहेत. ऱ खाली जे टिंब आहे ते दिसत नाही, कारण अर्धा झाला की ते गळून पडतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर साधा र 'जे' च्या कळीवर आणि हा ऱ तीच कळी शिफ्टसकट दाबून. तो दिसायला मिशी नाहीच, टिंबवाला अख्खा र आहे. मग मिशी शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?

आणि ते न दिसणारं चिन्ह? युनिकोडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पापणी काढायची आणखी एक तऱ्हा होती: साधा र, मोडलेला पाय, आणि पुढे 'इथे जोड धरून ठेव' असं सांगणारं शून्य रुंदीचं एक चिन्ह, क्रमांक २००डी. ती तऱ्हा बंद करता आली नाही, कारण तोवर तसं लिहून झालेलं होतं. म्हणून नियमावलीत दोन्ही नियम शेजारी शेजारी आहेत, पाच आणि पाच-अ. डोळ्याला एक, संगणकाला दोन. माझ्या सूचीतली जुळी वऱ्हाडं ती हीच. लेखिकेनं अर्धं पुस्तक घरच्या संगणकावर लिहिलं होतं, अर्धं मुलाच्या लॅपटॉपवर.

हा २००डी मोठा कामाचा माणूस निघाला. फोनवर आई, बाबा आणि मुलगी असं एकत्र कुटुंबाचं चित्र आपण पाठवतो, ते खरं तर बाई, माणूस आणि मुलगी अशी तीन सुटी चित्रं असतात, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा सांधा हाच, २००डी. म्हणजे मुलीच्या लग्नाचं आमंत्रण पाठवताना 'वऱ्हाड'मधला र आणि शेवटी टाकलेलं कुटुंबाचं चित्र, दोन्हींत एकच न दिसणारा माणूस राबत असू शकतो. भटजींसारखा.

दोन तऱ्हांपैकी खरी कोणती, यावर मी तरी टिंबवाल्या ऱ च्या बाजूची आहे. माझ्याकडे कुठलीही फाइल आली की पहिलं काम म्हणजे सगळ्या पापण्या त्या तऱ्हेच्या करून घेते. मला पाठिंबा मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. संकेतस्थळांची नावं देवनागरीत लिहिता यावीत म्हणून ('.भारत' आपल्याकडे २०१४ मध्ये आलं) इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या नावांसाठी जे नियम केले, त्यांत अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे. न दिसणाऱ्या गोष्टीनं दोन सारखी नावं तयार झाली तर लबाडीला रान मोकळं. म्हणून तिथे ऱ आत येऊ शकतो, पण एकटा नाही. त्याचा पाय मोडलेला हवा आणि पुढे य किंवा ह च हवा. इतका नेमका नियम करणाऱ्यांत कुणीतरी पायऱ्या आणि कुऱ्हाड म्हणून बघितलं असणार.

अशा बाबतींत मराठीला घर मिळायला वेळ लागतो, पण मिळतं. 'ॲ' घ्या. हिंदीचा ऍ होता, आपला अ वर चंद्र नव्हता. लोक तो जोडकाम करून लिहायचे. २००८ मध्ये युनिकोडनं त्याला वेगळा क्रमांक दिला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात आपल्या वळणाचे ल आणि श नक्की केले. आता चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं संगणकाला सांगितलं की त्याचा ल बदलतो. रा. कृ. जोशी, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे आणि स्वतः कवी, यांनी विंडोजसाठी 'मंगल' फॉन्ट केला तेव्हा, म्हणजे २००० च्या आसपास, कितीतरी मराठी माणसांनी आपली भाषा पडद्यावर पहिल्यांदा खरी मराठी म्हणून पाहिली, इंग्रजीचं सोंग म्हणून नव्हे. पापणीला मात्र अजून स्वतःचा क्रमांक नाही, आणि तो मिळू नये असं मला वाटतं. आता तिसरा क्रमांक दिला तर सूचीत वऱ्हाड तीनदा येईल.

सगळ्यांत शेवटी मी काठमांडूला पोचले. नेपाळीत 'केलं' याला 'गर्‍यो' म्हणतात, 'पडलं' याला 'पर्‍यो', आणि त्यात आपलीच पापणी आहे. तिकडे बहुतेक जण ती २००डी लावून लिहितात. तिथल्याही बातम्यांत सगळीकडे 'गर्यो' आणि 'गर्‍यो' यांची तीच गर्दी. हजार मैलांवर कुणी मुद्रितशोधक बाई याच एका रेघेसाठी पेन्सिल झिजवत असेल, या विचारानं मला कमालीचं बरं वाटलं. मधल्या सगळ्या हिंदी मुलखाला या अक्षराची गरजच पडत नाही.

रविवारी हे सगळं आप्पांना सांगितलं. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. माझ्या फोनवर अक्षर भलंमोठं करून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेला.

"सांधा सुटलाय," म्हणाले. खरंच, मिशी आणि य यांच्या मधे केसभर फट होती. मी तो फॉन्ट वर्षभर वापरत होते.

"याचा खाना कुठे?" त्यांनी विचारलं.

"खाना नाहीये आप्पा. तमिळचा र घेतात आणि त्याचा पाय मोडतात."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, कपाटातून सुपारीचा जुना डबा काढला. छापखाना बंद झाला तेव्हा मूठभर खिळे त्यांनी खिशात टाकून आणले होते, ते त्यात आहेत हे मला ठाऊक होतं. कधी बघितले नव्हते. हाताला लागेल तसे ते बोटांनी चाचपत गेले. डब्यात बघितलं नाही. खाच लागली, खिळा फिरवला, टोक अंगठ्यावर दाबून बघितलं, ठेवून दिला. दुसरा. पाचवा की सहावा खिळा त्यांनी बाहेर काढला.

मुलाच्या रबरी शिक्क्याची शाईची गादी आणली. आप्पांनी खिळा तिच्यावर टेकवला आणि त्या दिवसाच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबला. मिशी उमटली. जाड, जरा तिरकी, डावीकडे शाई जास्त. कडा अजून मऊ.

पुढे लावायला य शोधला. डब्यात य नव्हता. ट होता, दोन ण होते, एक पूर्णविराम. आप्पांनी माझ्या हातातलं बॉलपेन घेतलं आणि मिशीला टेकवून य काढला, काना दिला, मागे प, काना, य असं जोडलं, आणि वर एक शिरोरेषा ओढली. पायऱ्या. मग फोन उचलून त्यातल्या फटीकडे पुन्हा एकदा बघितलं.